बंद करायची ओळ

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कोड नीट करणारा प्रोग्राम चुकून संगणकाच्या एक पायरी वरून चालवला, आणि तेव्हापासून आमची अख्खी सोसायटी समासात आहे.

सोसायटीचं नाव कृष्णाकाठ. सांगलीत आहे, पण कृष्णा दिसत नाही. तीन विंग, चार-चार मजले, खाली पंप आणि गच्चीवर टाक्या. कोणत्या विंगला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे ऑफिसातला एक जुना संगणक ठरवतो. ते कसं ठरवायचं हे त्याला माझ्या बायकोने, वृंदाने, शिकवलं. ती तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची. सोसायटीत तिला मॅडम म्हणत आणि मला मॅडमचे मिस्टर. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून मॅडमचे मिस्टरच आहे. मी लेखक आहे हेही लोकांना ठाऊक आहे, म्हणजे मी दिवसभर घरी असतो आणि कुरिअर घेऊन ठेवतो, एवढं ठाऊक आहे.

वृंदाचा कोड चालायचा उत्तम आणि दिसायचा भयंकर. ओळी वाटेल तिथून सुरू व्हायच्या. मध्येच मोठी मोकळी जागा, मग चार गोष्टी एकाच ओळीत कोंबलेल्या. विंगना तिने नावं दिली होती तीही तिच्या मनाची. ए विंग म्हणजे कारलं, बी विंग भोपळा आणि आमची सी विंग दोडका. सेक्रेटरी डोईफोडे ए विंगमध्ये राहतात. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तारांच्या जंगलात आयुष्य काढलेले गृहस्थ. वृंदानंतर पंपाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी तो कोड पहिल्यांदा उघडून पाहिला.

"सावर्डेकर, मॅडम देवमाणूस होत्या," ते मला म्हणाले. "पण उद्या पंप बिघडला तर हे वाचायचं कोणी? आणि कारलं का?"

"कडू म्हणून नसेल," मी म्हणालो. "तिला कारलं आवडायचं."

हे खरं नव्हतं. पण डोईफोड्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी कुठूनसा एक फॉर्मॅटर आणला.

फॉर्मॅटर म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्राम. तो अर्थाला हात लावत नाही. ओळ कुठून सुरू व्हावी, किती लांब असावी, दोन भागांमध्ये किती जागा सोडावी, एवढंच तो पाहतो. तुम्ही ज्या कप्प्यात उभं राहून त्याला हाक माराल, त्या कप्प्यातलं आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या कप्प्यांतलं तो नीट करतो. म्हणून आधी योग्य कप्प्यात उतरायचं असतं. डोईफोडे उतरण्याऐवजी वर जात राहिले. एक पायरी वर, मग आणखी एक. संगणक संपला. त्यांनी वर जायची आज्ञा सवयीने आणखी एकदा दिली, संगणकाने ती मानली, आणि त्यांनी एंटर मारलं.

"पण संगणकाच्या वर काय असतं?" मी नंतर त्यांना विचारलं.

"ऑफिस."

"आणि ऑफिसच्या वर?"

"आपण सगळे," डोईफोडे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर भिंतीपासून सारख्याच अंतरावर उभ्या होत्या. दारांबाहेरच्या चपलांना पायऱ्या पडल्या होत्या. घरातल्या थोरल्यांच्या चपला भिंतीला लागून, मुलाच्या चार बोटं उजवीकडे, नातवाच्या त्याच्याही उजवीकडे. आमच्या वर चौथ्या मजल्यावर तांबवेकरांचं घर आहे. तिथे सुनेच्या चपला मुलाच्या बरोबरीने निघाल्या, म्हणून सासूबाईंनी आक्षेप घेतला. त्यांनी त्या स्वतः चार बोटं उजवीकडे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत बरोबरीला आल्या.

बोलण्यातही फरक पडला. वाक्य ठरावीक लांबीच्या पुढे जाऊ लागलं की बोलणारा आपोआप थांबे, श्वास घेई आणि उरलेलं थोड्या खालच्या आवाजात पुरं करी. त्यामुळे ज्यांच्या बोलण्यात आजवर फट सापडली नव्हती, अशा माणसांना लोक प्रथमच उत्तरं देऊ शकले. एक भांडण संपून दुसरं सुरू होण्यात थोडी मोकळी जागा आली. सभा संपल्यावर जिन्यात जी खरी सभा भरायची ती बंद झाली, कारण कामकाज संपल्यावर शेवटी रेंगाळलेली जागा फॉर्मॅटर काढून टाकतो. अर्थ मात्र कशाचाच बदलला नाही. भांडणं तीच होती, फक्त ती समजू लागली.

प्रोग्राम थांबवावा असं कोणी फारसं म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी उपयोग नव्हता. तो जिथून सुरू केला तिथूनच थांबवावा लागतो, आणि तिथे आपण कसे पोहोचलो हे डोईफोड्यांना आठवत नव्हतं. तो रोज सकाळी एक फेरी मारी. ए विंगच्या तळमजल्यापासून सुरुवात, मग बी, मग सी. प्रत्येक घरात दारातून आत आणि मागच्या गॅलरीपर्यंत. काही विचारायचं असलं तर इंटरकॉमवर विचारी. आवाज सरकारी होता, पण उद्धट नव्हता.

माझा तर फायदाच झाला. माझी एक कादंबरी बरीच वर्षं चालू आहे. तिच्यात एक वाक्य अडीच पानांचं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. फॉर्मॅटर टेबलावरून गेला आणि त्या वाक्याची छोटी छोटी वाक्यं झाली. मी ती पानं तशीच प्रकाशकांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला.

"या वेळी वाचलं," ते म्हणाले.

"आधी वाचत नव्हता?"

"आधी पाहत होतो."

हे लिखाणही त्याच टेबलावर चाललं आहे. वाक्यं आटोपशीर वाटली तर श्रेय माझं नाही.

तक्रार करण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत होती. आमच्या मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दांडी आहे, छताला टांगलेली, दोरीने खालीवर होणारी. लग्नानंतर या घरात आलो तेव्हापासून दांडीचा डावा अर्धा भाग वृंदाचा आणि उजवा माझा. तशी वाटणी कधी झाली नव्हती. ती डावीकडून सुरुवात करायची आणि कपडे नीट पिळायची नाही, म्हणून मी माझे शर्ट लांब घालायचो, एवढंच. ती गेल्यावरही मी उजवीकडेच घालत राहिलो. डावीकडे काही नसायचं. घरात सतरा ठिकाणी तिच्या वस्तू होत्या आणि त्या मी पाहू शकत होतो. पण ती असल्यासारखं वाटायचं ते फक्त तिथे, जिथे तिचं काही नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. साठीकडे झुकलेल्या माणसाने अर्ध्या रिकाम्या दांडीबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं.

फॉर्मॅटर आल्यापासून सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलो की माझे सगळे शर्ट डाव्या टोकाला सरकलेले दिसत. मी ते उजवीकडे नेई. दुसऱ्या सकाळी परत डावीकडे. असे बरेच दिवस गेले. शेवटी एकदा इंटरकॉम वाजला.

"सी विंग, तिसरा मजला. दांडीवरचे शर्ट आपण पुन्हा पुन्हा हलवता का?"

"हो. ते उजवीकडे असतात."

"ओळीच्या सुरुवातीला जागा सुटते आहे. तिथे काही आहे का?"

"कपडे असायचे."

"आता आहेत का?"

"नाहीत."

"मग ती रिकामी जागा आहे. रिकाम्या जागेला अर्थ नसतो. मी अर्थाला हात लावत नाही."

"त्या जागेला कारण आहे," मी म्हणालो.

"असेल. तिथे लिहिलेलं नाही. कारण असलं की लोक खूण करून ठेवतात. मॅडमनी ठेवली होती. त्या खुणेच्या पुढे मी गेलो नाही."

मी डोईफोड्यांकडे गेलो. ते ऑफिसात पडद्यासमोर बसले होते आणि फॉर्मॅटरवर नाराज होते.

"बघा," ते म्हणाले. "कारलं नीट केलं, भोपळा नीट केला. नावं तेवढी बदलत नाही म्हणतो, नाव अर्थात येतं म्हणे. ते राहू दे. पण दोडक्याला हातच लावलेला नाही. इथून खाली शेवटपर्यंत सगळं मॅडमनी ठेवलं तसंच."

वरचा कोड शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखा उभा होता. मग एक ओळ होती: इथून पुढे नीट करू नये. तिच्याखाली आमच्या विंगच्या पाण्याच्या वेळा होत्या, आणि त्या वृंदाने इमारतीसारख्या मांडल्या होत्या. सगळ्यात वर टाकी, तिच्याखाली चौथा मजला, मग तिसरा, दुसरा, पहिला. आकड्यांच्या मधल्या जागा हाताने मोजून सोडलेल्या. कुठल्या घराला पाणी कमी पडतंय ते वाचायची गरज नव्हती, नुसतं पाहिलं की कळायचं. फॉर्मॅटर तिथे शिरला असता तर सगळी इमारत एका ओळीत आडवी झाली असती.

"एवढ्यासाठी खूण केली हे ठीक," डोईफोडे म्हणाले. "पण वेळापत्रक संपल्यावर 'इथून पुढे नीट करावे' असं लिहायला नको? बंद करायची ओळच नाही. उघडलं आणि विसरल्या."

मला हसू आलं. वृंदा गोष्टी उघडायची आणि त्या तशाच राहायच्या. डबे, खिडक्या, टूथपेस्ट, कपाटं, एखाद्या माणसाबद्दल सुरू केलेली हकिकत. मी तिच्या मागून झाकणं लावत फिरायचो. संसारातलं माझं काम काय, असं कोणी विचारलं तर हेच सांगता येईल.

"तुम्ही लिहून टाका ती ओळ," डोईफोडे म्हणाले. "घरचे म्हणून."

"मला कोड येत नाही," मी म्हणालो आणि घरी आलो.

त्या दिवशी मी दांडीसाठी कारण लिहायला बसलो. लिहिणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे ते लांबलं. दांडीचा इतिहास, कपडे पिळण्याबद्दलचे दोन स्वभाव, रिकामेपणा म्हणजे काय, असं करत तीन पानं झाली. मी ती दांडीला चिमट्याने लावली आणि जरा समाधानाने झोपलो. सकाळी शर्ट डावीकडे होते आणि तीन पानांचं एक पान झालं होतं. इंटरकॉम वाजला.

"मसुदा वाचला. भाषा चांगली आहे."

"मग शर्ट का सरकवले?"

"त्यात खूण नाही. खूण एका ओळीची असते आणि तिचे शब्द ठरलेले असतात."

"ती कोणीही लावू शकतो?"

"जो लिहितो तो."

"मी लेखक आहे."

"तसं ऐकलं आहे," फॉर्मॅटर म्हणाला.

मी शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापला आणि त्यावर वृंदाचेच शब्द लिहिले: इथून पुढे नीट करू नये. इतक्या वर्षांत मी लिहिलेली ही एकमेव ओळ असेल जिच्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. ती माझी नव्हती, हे त्याचं कारण असावं. पुठ्ठा दांडीच्या डाव्या टोकाला लावला, शर्ट उजवीकडे नेले.

दुसऱ्या सकाळी ते उजवीकडेच होते. मी गॅलरीत उभा राहून चहा प्यालो. चहा नेहमीसारखाच वाईट झाला होता.

"खूण मिळाली," इंटरकॉमवर आवाज आला. "बंद करायची ओळ कुठे आहे?"

"लावतो," मी म्हणालो.

"ती लागेपर्यंत मी शेवटपर्यंत काही नीट करणार नाही. तसा नियम आहे."

मी बरं म्हणालो. शेवट म्हणजे कुठपर्यंत, हा विचार तेव्हा केला नाही.

आमची गॅलरी ही त्याच्या वाटेवरची तिसऱ्या मजल्याची शेवटची जागा. तिच्यानंतर चौथा मजला, मग गच्ची, मग टाकी. त्याच्या वर आकाश आहे, त्याबद्दल फॉर्मॅटरचं मत कळलेलं नाही. दोन दिवसांत तांबवेकरांच्या दाराबाहेरच्या चपला एकमेकींवर चढल्या. सुनेच्या चपला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने चार बोटं उजवीकडे ठेवल्या आणि त्या तिथेच राहिल्या. गच्चीवर बादल्या, कुंड्या आणि एका मोडक्या खाटेची पूर्वीची अव्यवस्था परत आली. चौथ्या मजल्यावरच्या भांडणांचा अर्थ खालच्यांना पुन्हा लागेनासा झाला.

डोईफोड्यांनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय एकच होता, सी विंग तिसरा मजला येथील दांडी. सगळे सारख्या अंतरावर बसले.

"सावर्डेकर, आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे," डोईफोडे म्हणाले. इथे ओळ संपली. त्यांनी श्वास घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पण एका माणसाच्या दांडीसाठी वरचा सगळा मजला अस्ताव्यस्त राहणं योग्य नाही. दांडी संपते तिथे दुसरा पुठ्ठा लावा. तुमची अर्धी दांडी सुरक्षित, वरचेही नीट."

ते बरोबर होतं. त्यात माझं काहीच जाणार नव्हतं. मी दोन दिवसांची मुदत मागितली. काम लांबायला नको, म्हणून मी घरी आल्या आल्या दुसरा पुठ्ठाही कापला आणि त्यावर 'इथून पुढे' एवढं लिहिलं. पुढे लिहिलं नाही. कादंबरीच्या बाबतीत हे माझं रोजचंच आहे, पण या वेळी अडचण वेगळी होती. दांडीचं झाकण लावायचं होतं, आणि उघडणारी घरात नव्हती. यानंतर मला लावायला काही उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबवेकर वहिनी आल्या. या चौथ्या मजल्यावरच्या सूनबाई. त्रास ज्यांना होतो त्यांचं म्हणणं घ्या, असं सभेत ठरलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मला तुम्हाला सांगायचं होतं की," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळू आवाजात, "इथे नको, गॅलरीत चला."

आम्ही दांडीखालून पलीकडे कठड्याशी गेलो. तिथे पोहोचताच त्यांनी पदर खोचला.

"काय आहे भाऊजी, चपला बरोबरीला आल्या तेव्हा मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू, पण तेव्हापासून सासूबाईंना जे बोलायचं ते त्या तुकड्या-तुकड्यांत बोलायच्या आणि मलाही प्रत्येक तुकड्याला उत्तर द्यावं लागायचं, आणि आता कसं, त्या आपल्या एका दमात माझ्या माहेरापासून सुरू करतात ते कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत येतात, आणि तोवर माझी कोशिंबीर होऊन जाते, आणि शेवटी दमून त्याच म्हणतात चहा टाक गं, म्हणजे भांडण झालंच नाही ना, आणि परवा तर म्हणाल्या की मॅडम असत्या तर हसल्या असत्या, त्या नाही का जिन्यात भेटल्या की एक गोष्ट सुरू करायच्या आणि मध्येच दुसरी, आणि पहिली राहूनच जायची, मला अजून कळलेलं नाही त्या रत्नागिरीच्या बसमध्ये शेवटी काय झालं ते."

"मलाही नाही," मी म्हणालो.

"बघा. म्हणून म्हणते, राहू दे तो पुठ्ठा."

"डोईफोड्यांना काय सांगू?"

"सांगा लिहितो आहे म्हणून. तुम्ही लेखक, कोणाला शंका यायची नाही."

डोईफोड्यांना मी तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत त्यांनी तो आणखी पुढच्या सभेवर ढकलला. कोडमधल्या दोडक्याची बंद करायची ओळही त्यांनी लिहिलेली नाही. पाणी वेळेवर येतं आहे, तर उगीच कशाला, असं ते म्हणतात. पूर्वी ते असं म्हणत नसत.

हा शेवटचा परिच्छेद मी टेबलावरून उठून, दांडीच्या पलीकडे स्टूल टाकून लिहितो आहे, त्यामुळे तो लांबला तर चालेल, कारण इथे मला कोणी तोडत नाही, आणि आताच इंटरकॉमवर रोजच्यासारखं विचारून झालं आहे की बंद करायची ओळ सापडली नाही, तर तसाच मागे फिरू का, आणि मी रोजच्यासारखं बरं म्हणालो आहे, आणि खाली पंप सुरू झाला आहे, दोडक्याचा, जो वृंदाने इतरांपेक्षा जरा आधी ठेवला होता कारण तिचा पहिला तास लवकर असायचा, आणि वर सासूबाई माहेरापाशी आहेत, कुकरपर्यंत यायला वेळ आहे, आणि माझे शर्ट उजवीकडे वाळताहेत, नीट पिळलेले, आणि डावीकडे ज्या फरशीवर तिच्या न पिळलेल्या ओढण्यांचं पाणी ठिबकून एक फिकट डाग पडला होता त्या डागावर ऊन आलं आहे, आणि कपड्यांचे चिमटे काढल्यावर त्यांच्या डब्याचं झाकण माझ्या पायाशी पडलं आहे, ते मी पाहिलं आहे, आणि ते तिथेच आहे.